छावणीतील दवाखाना आणि बहात्तर तासांची मुदत

नवी दिल्ली : म्यानमारच्या राखाइन प्रांतात २५ ऑगस्ट २०१७ रोजी लष्कराची कारवाई सुरू झाली आणि पुढील काही महिन्यांत ७ लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशच्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांतील टेकड्यांवर बांबू व ताडपत्रीच्या झोपड्यांचे एक शहरच उभे राहिले. तेथील तात्पुरत्या दवाखान्यांपुढे पहिल्या आठवड्यांत गोळ्यांच्या जखमा, भाजलेले रुग्ण, अतिसार आणि गोवर यांची रांग होती. ऑक्टोबरमध्ये पटकी रोखण्यासाठी ९ लाख लसमात्रांची मोहीम हाती घ्यावी लागली. नोव्हेंबरमध्ये घटसर्पाने डोके वर काढले. याच रांगेत अशाही स्त्रिया होत्या, ज्यांनी कंबर दुखते, झोप लागत नाही, पोटात कळा येतात, एवढेच सांगितले आणि मिळाल्या त्या गोळ्या घेऊन त्या परतल्या.

त्यांच्यापैकी कितीजणींवर काय ओढवले होते, याचा अंदाज हळूहळू येत गेला. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने नोव्हेंबर २०१७ मधील अहवालासाठी ५२ रोहिंग्या स्त्रिया व मुलींच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी २९ जणींवर बलात्कार झाला होता आणि एक अपवाद वगळता ते सर्व सामूहिक बलात्कार होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने मार्झुकी दारुस्मान यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तथ्यशोधन समितीनेही २०१८ मध्ये लैंगिक हिंसा हा या कारवाईचा ठळक भाग असल्याचे नोंदवले.

या गुन्ह्यांचा न्यायनिवाडा हा स्वतंत्र विषय आहे. आरोग्ययंत्रणेपुढील प्रश्न अधिक निकडीचा होता : अशा स्त्रीवर उपचार करायचे कोणी आणि कोठे? लिंगाधारित हिंसेसाठी वेगळा तंबू, वेगळी पाटी आणि वेगळे कर्मचारी असावेत, की ज्या दवाखान्यात ती तापासाठी, बाळाच्या लसीसाठी किंवा बाळंतपणासाठी येते, तेथेच ही सेवा मिळावी? गेल्या तीस वर्षांतील अनुभवाचा कौल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. त्याची कारणे आधी वैद्यकशास्त्रात आणि मग समाजव्यवहारात शोधावी लागतात.

उपचार साधे, मुदत कठोर

बलात्कारानंतरचे वैद्यकीय उपचार गुंतागुंतीचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि निर्वासितविषयक उच्चायुक्तालय यांनी मिळून तयार केलेली मार्गदर्शिका प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेलाही वापरता येईल, अशीच आहे. जखमा स्वच्छ करणे, धनुर्वाताची लस, लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांवर प्रतिजैविके, ‘हिपॅटायटिस बी’ची लस, गर्भधारणा टाळण्यासाठी तातडीची गोळी आणि एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे एवढी ही यादी आहे. यांतील कोणत्याही औषधाला मोठे रुग्णालय लागत नाही.

अडचण मुदतीची आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस अखंड घ्यावी लागतात. पहिली मात्रा जितकी लवकर, तितका उपयोग अधिक. गर्भनिरोधक गोळी १२० तासांपर्यंत देता येते, पण तिचाही परिणाम दर दिवसागणिक घटतो. चौथ्या दिवशी आलेल्या स्त्रीला एचआयव्हीपासून संरक्षण देता येत नाही आणि सहाव्या दिवशी आलेल्या स्त्रीला ती गोळीही देता येत नाही. म्हणजे ही सेवा ‘परिस्थिती स्थिरावल्यावर’ सुरू करू, असे म्हणणे याचा व्यवहारातील अर्थ सुरुवातीच्या सर्व रुग्णांना नकार देणे असा होतो. मदतकार्याच्या नियोजनात अन्न, पाणी, निवारा आणि साथरोग यांना अग्रक्रम मिळतो, तो योग्यच आहे. मात्र या विषयाला ‘सामाजिक कार्य’ मानून पुढच्या टप्प्यावर ढकलण्याची सवय अजून पुरती मोडलेली नाही.

रोहिंग्या स्त्रियांच्या बाबतीत ही मुदत बहुधा वाटेतच संपली होती. गाव सोडल्यापासून सीमेपर्यंत अनेकींना जंगलातून, चिखलातून कित्येक दिवस चालावे लागले. त्या दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा देण्यासारखे उरले होते ते जखमांवरील उपचार, संसर्गावरील औषधे, मानसिक आधार आणि गर्भ राहिला असल्यास त्याबाबतचा निर्णय.

१९७२ चा वारसा

या शेवटच्या मुद्द्यावर बांगलादेशचा स्वतःचा इतिहास उपयोगी पडला, ही बाब आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. १९७१ च्या मुक्तिसंग्रामात बलात्कार झालेल्या स्त्रियांची संख्या सामान्यतः २ लाख सांगितली जाते. नव्या सरकारने त्यांना ‘वीरांगना’ हा किताब दिला. परंतु गर्भवती राहिलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न किताबाने सुटणारा नव्हता. १८६० च्या दंडसंहितेनुसार स्त्रीचा जीव वाचवण्यापुरताच गर्भपात वैध होता. १९७२ मध्ये या स्त्रियांपुरती ती अट शिथिल करण्यात आली आणि परदेशी डॉक्टरांच्या साहाय्याने दवाखाने उघडण्यात आले.

सवलत तात्पुरती होती, पण तिच्यातून मिळालेला अनुभव वाया गेला नाही. १९७९ पासून बांगलादेशच्या कुटुंबकल्याण कार्यक्रमात ‘पाळी नियमन’ ही सेवा रीतसर समाविष्ट झाली. पाळी चुकलेल्या स्त्रीची गर्भचाचणी न करताच गर्भाशय रिकामे करण्याची ही पद्धत. गर्भ आहे हे सिद्ध केलेले नसल्यामुळे ती गर्भपाताच्या व्याख्येत बसत नाही, असा हा कायद्यातून काढलेला मार्ग आहे. शेवटच्या पाळीपासून १० आठवड्यांपर्यंत प्रशिक्षित सहायक कर्मचारी आणि १२ आठवड्यांपर्यंत डॉक्टर ही प्रक्रिया करू शकतात.

२०१७ च्या शरद ऋतूत हीच सेवा छावण्यांतील आरोग्य केंद्रांत उपलब्ध करण्यात आली. कोणत्याही स्त्रीला बलात्कार झाल्याचे सिद्ध करावे लागत नव्हते, किंबहुना तो उच्चारावाही लागत नव्हता. पाळी चुकली आहे, एवढे सांगणे पुरेसे होते. अर्थात येथेही मुदत होतीच. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या प्रारंभी अत्याचार झालेल्या स्त्रीचे १२ आठवडे साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपत होते. तेवढ्या अवधीत तिने सीमा ओलांडायची, निवारा मिळवायचा, दवाखाना शोधायचा आणि अशी सेवा असते हे कोणाकडून तरी ऐकायचे. ज्यांना हे जमले नाही, त्यांच्यासाठी मे २०१८ हा महिना उजाडणार होता.

त्या महिन्यात युनिसेफने दिलेल्या माहितीनुसार नऊ महिन्यांत छावण्यांमध्ये १६ हजारांहून अधिक बालके जन्मली होती. दिवसाला सुमारे ६०. त्यांपैकी आरोग्य केंद्रांत जन्मलेली सुमारे ३ हजार, म्हणजे पाचातले एक. अत्याचारातून जन्मलेली बालके किती, हे कधीच कळणार नाही, असेही युनिसेफने तेव्हाच स्पष्ट केले. आकडा नसणे ही येथे यंत्रणेची त्रुटी म्हणता येणार नाही. ज्या समाजात तो आकडा मोजण्यासाठी स्त्रीला स्वतःकडे बोट दाखवून घ्यावे लागते, तेथे तो न मोजलेला बरा.

नियम कसा झाला

आपत्तीच्या पहिल्याच दिवसांत ही सेवा असावी, हा विचार १९९० च्या दशकात रुजला. बोस्निया आणि रवांडा येथील युद्धांनी तो भाग पाडला. रवांडात १९९४ च्या वंशसंहारात अडीच ते पाच लाख स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने वर्तवला होता. त्याच वर्षी निर्वासित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधील एका आयोगाने छावण्यांतील प्रजनन आरोग्यसेवेचा आढावा घेतला, तेव्हा अशी सेवा जवळजवळ नसल्याचे आढळले. त्याच वर्षी कैरो येथे झालेल्या लोकसंख्या व विकास परिषदेने निर्वासितांचा प्रजनन आरोग्याचा हक्क मान्य केला.

न्यायालयातही याच काळात दिशा बदलली. रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी जाँ-पॉल अकायेसू या माजी नगरप्रमुखाला दोषी ठरवताना बलात्कार हे वंशसंहाराचे साधन असू शकते, असा निर्णय दिला. त्या पीठावर दक्षिण आफ्रिकेतील तमिळ वंशाच्या न्यायमूर्ती नवनीतम पिल्लै होत्या.

आरोग्याच्या बाजूने या प्रयत्नांचे फलित म्हणजे ‘किमान प्रारंभिक सेवा संच’. मदतकार्यात त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मिस्प’ म्हणतात. १९९९ च्या आंतर-संस्था मार्गदर्शिकेत त्याची मांडणी झाली आणि २०१० व २०१८ मध्ये तिची सुधारणा झाली. आपत्तीनंतर शक्यतो ४८ तासांत ज्या गोष्टी सुरू व्हायला हव्यात, त्यांत लैंगिक हिंसेला प्रतिबंध आणि पीडितांवरील उपचार यांचा समावेश आहे. सुरक्षित बाळंतपण, गर्भनिरोधन आणि एचआयव्ही प्रतिबंध यांच्याच पंगतीत हा विषय बसवलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. औषधांचे संचही क्रमांकाने ठरलेले आहेत. बलात्कारोत्तर उपचारांचा संच तिसऱ्या क्रमांकाचा. तो १० हजार लोकवस्तीला तीन महिने पुरेल, असा हिशेब असतो.

पाटी लावण्याचा धोका

वेगळे केंद्र उघडणे हा प्रशासकीयदृष्ट्या सोपा मार्ग वाटतो. देणगीदारांना ते दाखवता येते, अहवालात त्याचे छायाचित्र लावता येते. परंतु छावणीत भिंती ताडपत्रीच्या असतात आणि कोण कोठे गेले, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळलेले असते. रोहिंग्या छावण्यांमध्ये प्रत्येक वस्तीवर ‘माझी’ म्हणजे मुखिया नेमलेला असे आणि तो बहुधा पुरुष असे. शिधावाटपापासून तक्रारींपर्यंत सर्व काही त्याच्यामार्फत चाले. ‘अत्याचारपीडित स्त्रियांचे केंद्र’ अशी पाटी असलेल्या तंबूत शिरणे म्हणजे माझीला, सासरच्यांना आणि शेजाऱ्यांना स्वतःहून वार्ता देण्यासारखेच. उलट दवाखान्यात जायला कोणालाही कारण लागत नाही. मूल कडेवर घेऊन निघालेल्या स्त्रीला कोणी थांबवून विचारत नाही.

पाटीचा दुसरा धोका पूर्व काँगोमध्ये दिसला. बुकावू शहरात डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये पांझी रुग्णालय सुरू केले ते मुळात प्रसूतीसाठी. मात्र त्यांच्याकडे आलेली पहिलीच रुग्ण बाळंतीण नव्हती, तर बलात्कारात गंभीर जखमी झालेली स्त्री होती. पुढे पांझी जगभर ओळखले गेले आणि २०१८ चे शांततेचे नोबेल पारितोषिक डॉ. मुक्वेगे यांना यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्यासमवेत मिळाले. पांझीचे वैशिष्ट्य असे, की तेथे शस्त्रक्रिया, मानसोपचार, कायदेशीर साहाय्य आणि उपजीविकेचे शिक्षण एका छताखाली असले, तरी ते सर्वसाधारण रुग्णालयही राहिले.

त्याच प्रदेशात काही प्रकल्पांनी मात्र निधी केवळ बलात्कारपीडितांसाठी राखून ठेवला. याचा परिणाम अभ्यासक सेव्हरिन ओतेसेर यांनी २०१२ मध्ये मांडला. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून लघवी सतत झिरपत राहते. त्याला फिस्टुला म्हणतात. सामूहिक बलात्कारानेही तशीच इजा होऊ शकते. शस्त्रक्रिया एकच, पण ती मोफत मिळत होती ती बलात्कारपीडितेला. त्यामुळे बाळंतपणात इजा झालेल्या काही स्त्रियांना उपचारांसाठी स्वतःवर बलात्कार झाल्याचे सांगावे लागले. गरजू स्त्रीला खोटे बोलायला लावणारी आणि तेवढ्यामुळे खऱ्या पीडितांच्या सांगण्यावरही संशय निर्माण करणारी अशी व्यवस्था कोणाच्याच हिताची नव्हती. दोघींवर एकाच दवाखान्यात, कारण न विचारता उपचार झाले असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

प्रत्यक्षात काय बदलावे लागते

‘समावेश’ हा शब्द अहवालांत सहज लिहिला जातो. दवाखान्याच्या पातळीवर त्याचा अर्थ फार छोट्या गोष्टींत असतो. तपासणीची जागा अशी हवी, की आतले बोलणे रांगेत ऐकू येऊ नये. ताडपत्रीच्या खोलीत हे साधणेच सर्वांत अवघड ठरते. नोंदवहीत नावापुढे ‘बलात्कार’ असा शब्द न लिहिता संकेतांक लिहावा आणि ती वही कुलपात असावी. औषधांचा संच जिल्ह्याच्या गोदामात न ठेवता केंद्रातच असावा आणि त्याची जागा रात्रपाळीच्या परिचारिकेलाही ठाऊक असावी. कॉक्स बझारमध्ये मदतसंस्थांच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना दुपार कलताच छावणी सोडावी लागे. अंधार पडल्यावर उघडी राहणारी केंद्रे मोजकीच होती आणि हिंसेचा मोठा भाग अंधारातच घडतो.

दुभाषी हा आणखी एक नाजूक दुवा. रोहिंग्या भाषा चट्टग्रामच्या बोलीला जवळची असली, तरी ढाक्याहून आलेल्या डॉक्टरला ती कळतेच असे नाही. दुभाषी पुरुष असेल, किंवा त्याच वस्तीतला असेल, तर स्त्री बोलत नाही. या ठिकाणी बांगलादेशच्या तरुण सुईणींनी मोठे काम केले. २०१३ पासून तेथे तीन वर्षांचा सुईण पदविका अभ्यासक्रम सुरू झाला होता. त्यातून तयार झालेल्या मुली लोकसंख्या निधीमार्फत छावण्यांत गेल्या. बाळंतपणाच्या निमित्ताने त्या झोपडीझोपडीत ओळखीच्या झाल्या. आपल्याकडे आशा कार्यकर्तीला जी वाट मिळते, तीच त्यांना मिळाली.

विचारायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. आलेल्या प्रत्येक स्त्रीला ‘तुझ्यावर अत्याचार झाला का’ असे सरसकट विचारू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३ पासूनचे मार्गदर्शन आहे. न भरणारी दुखापत, वारंवार होणारा गर्भपात, कारण न सापडणारी पोटदुखी, नवऱ्यासमोर गप्प बसणे अशी चिन्हे दिसली, तरच एकांतात विचारावे. मग ऐकावे, काय हवे ते विचारावे, विश्वास दाखवावा, घरी परतणे सुरक्षित आहे का ते पाहावे आणि पुढील मदतीशी जोडून द्यावे. खोदून तपशील विचारण्याचे काम डॉक्टरचे नाही. न्यायवैद्यक नमुन्यांबाबतही मार्गदर्शिका व्यवहारी आहे : तपासणारी प्रयोगशाळा आणि ते स्वीकारणारी न्यायव्यवस्था उपलब्ध नसेल, तर नमुने घेण्यासाठी स्त्रीला पुन्हा त्या यातनेतून नेऊ नये.

छावणीतील हिंसा म्हणजे केवळ सशस्त्र सैनिकाचा अत्याचार, अशी एक समजूत आहे. काळ जातो तसा दवाखान्यांतील नोंदींचा रोख बदलतो आणि नवऱ्याकडून होणारी मारहाण पुढे येते. काम गेलेला, शिध्यावर जगणारा पुरुष आणि अंगणही नसलेली झोपडी यांचा तो परिणाम असतो. सबब मात्र नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगातील सुमारे ७३ कोटी ६० लाख स्त्रियांनी, म्हणजे जवळजवळ तिघींमागे एकीने, आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराची शारीरिक वा लैंगिक अथवा परक्याची लैंगिक हिंसा सोसलेली असते. छावणी या प्रमाणाला अपवाद असण्याचे कारण नाही. पुरुष आणि मुलगेही लैंगिक हिंसेला बळी पडतात. रोहिंग्यांमध्येही ते नोंदवले गेले आहे. ‘स्त्रियांचे केंद्र’ ही पाटी त्यांना दारातूनच परत पाठवते, हा वेगळ्या केंद्रांचा आणखी एक तोटा.

मुंबईतील ‘दिलासा’

सर्वसाधारण रुग्णालयातच ही सेवा बसवण्याचा भारतातील आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग मुंबईत झाला. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. तेथे आपत्ती नव्हती, पण प्रश्न तोच होता. अपघात विभागात ‘जिन्यावरून पडले’, ‘चुकून औषध प्यायले’, ‘स्टोव्हचा भडका झाला’ अशा नोंदींखाली येणाऱ्या स्त्रियांकडे कर्मचाऱ्यांनी वेगळ्या नजरेने पाहावे, यासाठी रुग्णालयाच्याच परिचारिका आणि डॉक्टरांना प्रशिक्षित करण्यात आले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे उघडली. बाहेरची संस्था गेली तरी सेवा राहावी, असा त्यामागील विचार होता. छावणीतील कामालाही तो तितकाच लागू पडतो.

पोलिसांचा प्रश्न

भारतात कायद्याची चौकट अलीकडच्या काळात बरीच स्पष्ट झाली आहे. बलात्कारपीडितेवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार करणे सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-क मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. उपचार नाकारणे हा गुन्हा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पोलिसांचे पत्र नसले, तरी तपासणी व उपचार करावे लागतात. तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानण्याचे निर्देश दिले. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो.

तथापि, त्याच कलमात पोलिसांना लगेच कळवण्याचे बंधनही आहे. २०१४ च्या सूचनांनी यातून वाट काढली : स्त्रीला तक्रार करायची नसेल, तर तिचा तो नकार लेखी नोंदवावा, पण उपचार थांबवू नयेत. पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असल्यास ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार कळवण्याला पर्याय नाही. शांत शहरात हे बंधन संरक्षण ठरू शकते. जेथे पोलीस ठाणे दुसऱ्या समुदायाच्या वस्तीत आहे, रस्ते बंद आहेत, किंवा वर्दीवरच विश्वास उरलेला नाही, तेथे त्याच बंधनाच्या भीतीने स्त्री दवाखान्याकडेच फिरकत नाही आणि ७२ तास उलटतात.

मणिपूरमध्ये हा प्रश्न तात्त्विक राहिला नाही. ३ मे २०२३ पासून उसळलेल्या वांशिक हिंसाचारात सुमारे ६० हजार लोक विस्थापित होऊन मदतछावण्यांत गेले. दुसऱ्याच दिवशी झालेल्या अत्याचाराची चित्रफीत १९ जुलै रोजी समाजमाध्यमांवर पसरली, तेव्हा देशाला त्याची जाणीव झाली. मध्ये अडीच महिने गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२३ रोजी माजी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी आणि आशा मेनन या तिच्या सदस्य आहेत. स्त्रियांवरील हिंसेची चौकशी आणि मदतछावण्यांतील स्थिती, या दोन्ही गोष्टी एकाच समितीकडे सोपवणे सुसंगत होते. दोहोंचा संबंध छावणीच्या दवाखान्यातच येतो.

निधी आटताना

या सेवेचा खर्च मदतकार्याच्या एकूण अंदाजपत्रकात अल्प असतो आणि कपातीची वेळ आली की कात्री प्रथम तिच्याकडे वळते. अमेरिकेने २०२५ च्या आरंभी परदेशी साहाय्य थांबवले, तेव्हा बांगलादेशात रोहिंग्यांसह जवळजवळ ६ लाख लोकांना माता व प्रजनन आरोग्यसेवा गमावण्याचा धोका असल्याचे लोकसंख्या निधीने सांगितले. येथे समावेशाच्या धोरणाची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. स्वतंत्र केंद्र बंद झाले तर ते दिसते. सर्वसाधारण दवाखान्यातून एक औषध किंवा रात्रपाळीची एक सुईण कमी झाली, तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. केंद्र उघडे असते, रांग असते, फक्त त्या एका कपाटात संच नसतो. म्हणून संच शिल्लक आहे का आणि रात्रपाळीला प्रशिक्षित स्त्री कर्मचारी आहे का, या दोन प्रश्नांची साप्ताहिक विचारणा व्हावी, असा आग्रह क्षेत्रात काम करणाऱ्यांनी धरला पाहिजे.

राखाइनमधील लढाई पुन्हा पेटल्याने जुलै २०२५ पर्यंतच्या दीड वर्षात आणखी सुमारे दीड लाख रोहिंग्या कॉक्स बझारमध्ये दाखल झाल्याचे निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने जाहीर केले आहे. त्यांची भर आधीच दाटीवाटीने भरलेल्या त्याच छावण्यांत पडली. दहा हजारांमागे एक या हिशेबाने केवळ नव्याने आलेल्यांसाठी तिसऱ्या क्रमांकाचे १५ संच लागतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेवढेच मागवावे लागतात.